गणना, अध्याय तेहतीस

शांतवन रोज एकच अध्याय वाचायचा.
मिरज-जत पहिली गाडी पाच चाळीसची,
म्हणून चारला उठून, स्टोव्हवर आधण ठेवून
ते उकळेपर्यंत शास्त्र.
स्तोत्रांतला तो लांबलचक अध्याय आला त्या दिवशी
चहाचा काढा झाला,
आणि त्यानं तो न बोलता प्यायला.

रिटायर झाल्यावरही चारलाच उठायचा.
गाडी नव्हती, अध्याय होता.

वाचून झालं की एक ओळ लिहायची,
जुन्या वेबिलाच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीनं.
मला वाटायचं, मोठं काही लिहीत असेल,
पाळकसाहेबांसारखं, तीन मुद्दे आणि वर एक दाखला.
तो गेल्यावर गठ्ठा सोडला.

भावांनी भावाला विकलं. सुटे कुणी मोजले असतील?

मान्ना रोजचा रोज. साठवला की किडे. मग पीएफचं काय?

आज काही कळलं नाही. उद्या पुढचा.

ही ओळ एकोणीस वेळा. मी मोजलीय.

आणि लेवीयच्या तेराव्याला,
जिथं याजक कातडीवरचा डाग बघतो
आणि माणसाला छावणीबाहेर बसवतो,
तिथं नुसतं: हिला विचारायचं.

विचारलं नाहीस रे.
छावणीबाहेर चौतीस वर्षं ड्युटी केली मी.
बोटं झडलेल्या हातांनी
माझ्या लग्नात अक्षता टाकल्या होत्या, आठवतं?
तुझी आई तांदळाचं ताट मागे घेत होती,
तू ते पुढे सरकवलंस.
त्या अध्यायाशी माझं भांडण आहे,
आणि ते मी देवासमोर उघड करते, चोरून नाही.
एवढं सांगितलं असतं. तू लिहून घेतलं असतंस.

ही त्याची तिसरी फेरी होती.
कागद भरले दीडशेला एक कमी,
आणि गणनाच्या तेहतिसाव्यात घडी घातलेलं तिकीट.
महिन्याची प्रार्थना झाली, पाहुणे पांगले,
मी म्हटलं, जिथं तिकीट, तिथनंच चढावं.

अध्याय म्हणजे नुसते थांबे.
इथून निघाले, तिथं तळ दिला.
तिथून निघाले, पलीकडे तळ दिला.
एका थांब्यावर बारा झरे, सत्तर खजुरी,
एकावर प्यायला पाणी नाही.
चाळीस वर्षांचं वेबिल कुणीतरी मन लावून भरलेलं,
कुणाला, कशासाठी दाखवायचं होतं कोण जाणे.
जीभ अडखळायला लागली त्या नावांवर,
तेव्हा मी मोठ्यानं वाचलं, त्याच्या चालीत,
तानंग फाटा म्हणायचा तशी,
भोसे, शिरढोण, कवठेमहांकाळ, नागज फाटा...
मग सगळी नावं सरळ झाली.

यादीच्या मध्येच एक म्हातारा मरतो.
डोंगरावर. वय एकशे तेवीस, महिना, तारीख, सगळी नोंद.
मी थांबले. इथं काहीतरी येईल म्हटलं,
रडणं, गीत, निदान कोरी ओळ.
पुढं एका परराजाला त्यांच्या येण्याची खबर लागते,
आणि त्याच्या खाली लगेच:
त्या डोंगरापासून निघाले,
पुढच्या ठिकाणी तळ दिला.

मला राग आला. पुस्तक मिटलं.
बाहेर अजून अंधार होता,
मार्केट यार्डाकडं हळदीचा ट्रक गेला,
ड्रायव्हरनं वळणावर दोनदा हॉर्न दिला.
दोनदा म्हणजे निघायचं,
हे मला बेचाळीस वर्षं कुणी शिकवलं होतं?

पुन्हा उघडलं. शेवटपर्यंत वाचलं.
बेचाळीस थांबे, तेही तेवढेच.
त्याची पेन्सिल अजून टोकदार होती, पण
काय लिहावं सुचेना,
त्याची ती एकोणीस वेळची ओळ लिहायला जीव होईना,
कारण काहीतरी कळलं होतं आणि ते मला नको होतं.

कागद कोराच ठेवला, क्रमानं.
तिकीट चौतिसाव्यात सरकवलं.
सहज नजर टाकली: नुसत्या हद्दी.
इकडून नदी, तिकडून घाट, मग समुद्र.
तलाठ्याचं काम.
चारचा गजर लावून ठेवलाय.