चारशे बारावी फेरी

तुमसरच्या कॉलेजात, मागच्या खोलीत,
जिथे आधी खेळाचं सामान ठेवत,
तीन जणी एका बीकरमध्ये उभ्या आहेत.
एक प्लॅटिनमची तार, रात्री कुलपात राहते.
एक चांदीची, काचेच्या नळीत;
तिच्यातून वीज जाऊ द्यायची नाही,
तिच्याशी फक्त ताडून बघायचं.
तिसरी माझी:
स्टीलची पट्टी, रेवारामकाकांनी
जुन्या डब्याच्या झाकणातून कातरलेली,
तिच्यावर मँगनीज ऑक्साइडचा थर,
इतका पातळ की जवळ बोलायची भीती वाटते.

पाण्यात सोडियम सल्फेट.
व्होल्टेज शून्यावरून चढतं, एकाच्या अलीकडे टेकतं,
परत उतरतं.
उतरताना सोडियम थरात शिरतो,
चढताना बाहेर पडतो.
पडद्यावर रेघ फिरते,
आणि सावकाश फिरवली तर
तिची बांधी होते, चांगली चौकोनी,
चारी धुरे शाबूत.
घाई केली की कोपरे ढासळतात.
पाण्याला आतपर्यंत पोचायला वेळ लागतो
हे मला पुस्तकाआधी
रोवण्याच्या दिवसांत पायांनी सांगितलं होतं.

आई आली शुक्रवारी, बाजार करून.
पिशवीत लाखोरीची डाळ.
खुर्ची दिली तर बसली नाही, बीकरपाशी वाकली.
"हा तं आपला माल व बाई."

बावीस वर्षं खाणीच्या तोंडाशी
तिनं दगड वेचले.
तळहातावर झेलून सांगायची
कोणता बॅटरीचा, कोणता भट्टीचा,
कोणता नुसता धोंडा.
मुकादम तिला विचारून ढीग लावायचा
आणि मजुरी मात्र टोपल्या मोजून द्यायचा.

"किती भरते हा?"
एका ग्रॅमचे हजार भाग कर, म्हटलं,
त्यातल्या एकाचा अर्धा.
ती इतकी हसली
की रेवारामकाका चहा घेऊन दारातच थांबले.
"अन् याचे सरकार तुले पैसे देते?"
"आठ महिने झाले, दिले नाहीत."
"मंग बराबर."

चारशे बाराव्या फेरीला लाइट गेली.
पंखा फिरत फिरत थांबला.
रेघ बांधीच्या तिसऱ्या कोपऱ्यात, तिथेच.

लाइट परत आली ती झटका देत.
मशीन भानावर येईपर्यंत
पट्टी उण्याकडे, फार उण्याकडे ओढली गेली
आणि थर सुटू लागला.
टवके नाही उडाले. विरत गेला नुसता,
काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा
आमच्या हातातल्या चहासारखा,
मग झाकणाचं स्टील उघडं पडलं,
त्यावर कोरलेलं कुणाचंतरी अर्धं नाव:
"…वंताबाईकडून सप्रेम".

"कुठं गेला?"
"पाण्यात."
तिनं बीकर खिडकीकडे धरलं.
पाणी निवळशंख.
"दिसत नाही."
"या रूपात त्याला रंग नसल्यासारखाच असतो."
ती बराच वेळ बीकर धरून राहिली.
शेवटी मीच तिच्या हातून काढून घेतलं.

"आपल्या विहिरीचं पानी असंच दिसते," म्हणाली,
"अन् पांढरे दुपट्टे धुतले का काळे पडतात."

मी नोंदवहीत लिहिलं:
फेरी ४१२. वीज खंडित. थर विरघळला.
पुढे अजून एक ओळ लिहायची होती,
ती सुचेना.

"सोमवारी पानी आनते तुह्यासाठी," आई म्हणाली,
"पाहून ठेव या मशीनमंदी."
कपाटाखालच्या चार रिकाम्या बाटल्यांतून
एकेक उचलून, तळहातावर तोलून,
तिनं स्वतः एक निवडली.
बाकीच्या तीन का नको
ते मला अजून कळलेलं नाही.