सतरावं झाड

बोरीच्या काठी, पारोळ्याच्या अलीकडे,
सागाच्या चौथ्या ओळीतलं सतरावं झाड.
त्याच्या सालीत मी दोन सुया खोचल्यात.
वरची तापवलेली, खालची आहे तशी.
रस चढू लागला की वरची निवते,
बशीतल्या चहावर फुंकर घातल्यासारखी.
त्या फुंकरीवरून मी पाणी मोजतो.

दुपारी दीडला फुंकर जोराची.
रात्री जवळजवळ नाहीच.

आश्विनात उखाभाऊ कोयता घेऊन आले.
खालून वर, हात पोचेल तिथवर,
फांदी खोडाच्या गळ्याशी, साल न सोलता.
पानं पडताना सुपं आपटल्याचा आवाज.
कोवळं पान चुरगळून त्यांचा अंगठा लाल झाला,
तोच लाल माझ्या वहीच्या कोपऱ्यावर.

निम्मी पानं गेली.
मी निम्म्या पाण्याची वाट पाहत बसलो.
आकडा उतरला, पण एखादी पायरीच.
"खालना पाने सावलीमा ऱ्हातस,
त्या काय पेतस?" उखाभाऊ म्हणाले,
आणि कोयत्याला दगड घासत राहिले.

मग आकडा रोज चिमूटभर वर.
शेंड्याची पानं
गेलेल्यांच्या वाटचंही पिऊ लागली.
एकेचाळिसाव्या दिवशी सतरावं झाड
जणू कोयता पाहिलाच नाही असं पीत होतं.
धुळ्याहून साहेबांचा फोन :
बचत किती धरायची?
महिन्याभराची, मी म्हटलं.
तिकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.

ते महिन्याचं पाणी गेलं कुठे
ते मी खाली पाहीपर्यंत कळलं नव्हतं.
जिथे चार वर्षं ऊन उतरलं नाही
तिथे आता उन्हाचे तुकडे, आणि तुकड्यांत पवन्या,
मारवेल, गुडघ्याला लागेल एवढा.
दुर्पताबाई रोज सकाळी दोन भारे बांधून नेते.

काल त्यांच्या ओट्यावर बसलो होतो.
वही उघडीच. वेळ, तापमान, ऊन, वारा, रस.
उखाभाऊंना वाचता येत नाही,
तरी त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत.
"तुनी वहीमा बकरी कोठे शे?"

ती खुंट्याला होती, पाठीमागे, रवंथ करत.
समासात जागा थोडी होती, पण
रकान्याला नाव काय द्यावं ते सुचेना.
दुर्पताबाईनं चहा आणला, घट्ट, जरा उग्र वासाचा.
दीड वाजून गेला होता.
मीटर तिकडे एकटाच टिकटिकत असणार,
आणि मी बशीवर अजून फुंकर घालत होतो.