बघण्यासारखं

सात नंबरच्या खोलीत चादर बदलताना
उशीखाली सापडला कागद.
पाहुणे नाश्त्याला गेलेले, दार उघडं.
दुसऱ्याचं वाचू नये, ठाऊक आहे मला,
पण यादी म्हणजे काही पत्र नव्हे.

नायगारा: बरोबरची खूण.
टेबल माउंटन: बरोबर, शेजारी बारीक अक्षरात, ढग होते.
मृत समुद्र: फुली. वास येतो.
उलुरू: खोडलेला, पुन्हा लिहिलेला, पुन्हा खोडलेला.
आणि अगदी तळाशी आमचा मोसी-ओआ-टुन्या,
राणीच्या नावाने,
त्याच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

काल जिन्यात टॉवेल घेता घेता
बाईंनी विचारलंच होतं,
"नामुकोलो, खरं सांग, बघण्यासारखा आहे का?
ऑक्टोबर आहे म्हणून विचारते.
सगळे म्हणतात, पलीकडे झिम्बाब्वेच्या बाजूने बघा,
इकडे या दिवसांत काही नसतं."
मी म्हटलं, मॅनेजर सांगतील.

मी काय सांगणार होते?
नऊ वर्षांची असताना शाळेची सहल गेली, एप्रिलात.
पाणी इतकं, की पाणी दिसलंच नाही.
पांढरं. पांढऱ्याच्या पोटात गडगडाट.
पाऊस खालून वर पडत होता.
पुलावर माझी डावी चप्पल गेली ती गेलीच.
इमासिकू बाई भिजलेला हजेरीपट छातीशी धरून ओरडल्या,
"पाहिलात ना? उद्या निबंध!"
मी लिहिलं: धबधबा पांढरा असतो. त्याला आवाज असतो.
दहापैकी चार.

मग तेविसाव्या वर्षी, मुबिताबरोबर, ऑक्टोबरात.
काठ कोरडा ठाक.
काळा खडक असा उघडा,
जसं एखाद्या मोठ्या साहेबाला
घरी बनियनवर पाहावं.
फटीत गवत. दोन बबून,
कुणाच्या तरी चिप्सच्या पाकिटावरून भांडणारे.
मुबिता काठाशी पालथा झोपला, खाली डोकावला,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, एवढं खोल होतं हे,
आणि आपण इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो.

पुढच्या महिन्यात तो सोलवेझीला गेला, तांब्याच्या खाणीत.
पहिल्यांदा पैसे आले, मग नुसते निरोप,
मग त्याचा नंबर दुसराच कोणी उचलू लागला.

हे जिन्यात कसं सांगायचं,
हातावर चार टॉवेल असताना,
एवढं विमानाचं भाडं भरून आलेल्या बाईला?
पैसे वसूल होतील का,
एवढाच तर साधा प्रश्न तिचा.

माझीही यादी आहे. एका शब्दाची.
समुद्र.
आमच्या देशाला तो कुठल्याच बाजूने लागत नाही.
बघण्यासारखा आहे का, विचारलं नाही कुणाला.
विचारलं तर सांगेलही कोणी,
वास येतो.

कागद होता तसा घडी करून ठेवला,
चादरीचे कोपरे खोचले.
तेवढ्यात बाई दारात, टोपी घालून, हातात पाण्याची बाटली.
"इकडूनच जाऊ म्हणतोय आम्ही. पलीकडच्या व्हिसाची रांग कोण लावणार!
पण पाणीच नसेल तर करायचं काय तिथे?"

मी म्हटलं,
काठाशी पालथं झोपा.
सांभाळून.