मी आलो

गोकाकहून आलो तेव्हा मराठीचे चारच शब्द होते जवळ:
पाणी, भाकरी, किती आणि नको.
शेवटचा फार कामाला आला.

गंगावेशीत पत्र्याची खोली, शेजारी मालूताई.
बोलायला तिनंच शिकवलं,
भांडी घासता घासता, नळावर भांडता भांडता.
ती म्हणायची, "बाजारला जातो गं", "आत्ता आलो बघ",
तसंच मीही म्हणू लागलो.
मला काय ठाऊक, काही गावांत
क्रियापदालाही लुगडं नेसवतात.

माझ्या आईच्या भाषेत 'मी'ला बाई-बुवा नाही.
नानु बंदे.
अप्पा गिरणीतून आला तरी बंदे,
आई नदीवरून आली तरी बंदे.
दाराआडून आवाज ओळखायचा,
नाहीतर उघडून बघायचं.

नर्सिंगच्या ट्रेनिंगला पुण्याला धाडलं, सहा महिने.
पहिल्याच दिवशी दारात म्हणालो, "मॅडम, मी आलो."
बाकावरच्या सगळ्याजणी हसल्या.
मॅडम चांगल्या होत्या. फळ्यावर लिहून दिलं:
मी आले. मी गेले. मी जेवले.
रात्री हॉस्टेलात घोकायचो.
'आले' म्हटलं की आवाज आपोआप बारीक व्हायचा,
कुणी दुसरीच पुढं चालली आहे
आणि मी तिची पिशवी घेऊन मागं.

मग ठरवून टाकलं,
साहेबांपुढं आले, गंगावेशीत आलो.
आई फोनवर म्हणते, तुझी कानडी घसरली,
वाक्यावाक्याला 'बघ' घालतेस.
घालतो. काय करू?

परवा थोरल्या दवाखान्यात रात्रपाळी.
संकेश्वरकडचा एक म्हातारा, तापानं फणफणलेला.
चाळीस वर्षं इथं शाहूपुरीत दुकान चालवलं म्हणे,
उधारी, शिव्या, सगळं मराठीत.
त्या रात्री मराठी त्याच्या अंगावरनं उतरली,
घामासारखी.
नातू रडकुंडीला, "सिस्टर, आजोबा काय बोलत्यात कळंना झालंय."

नीरु, म्हणत होता. नीर कोड.

मी चमच्यानं पाणी पाजलं.
त्यानं डोळे न उघडताच विचारलं, यारु?
नानु, मी म्हणालो.
एवढ्यानंच तो निवांत झाला, जसं काही मी नाव सांगितलं.
मनगट धरलं. ओंदु, एरडु, मूरु.
नाडी मी अजून तिकडंच मोजतो,
आकडा तेवढा कागदावर इकडचा उतरवतो.

नातवानं विचारलं, "तुम्ही कुठल्या?"
"गंगावेशीतली," मी म्हणालो.
त्याला ते पटलं नाही. मला पटलं होतं.

सकाळी मालूताईची कडी वाजवली.
आतून आवाज, "कोण ते?"
आलो, आले, बंदे,
तिन्ही एकदम दातांशी येऊन अडकले.
तिनं वाट बघितलीच नाही.
"ये गं ये, दार उघडंच हाय.
दूध उतू चाललंय, आधी गॅस बंद कर."