दोनशे चाळीस किलोंत

रावपुऱ्याच्या पोस्टात एकतीस वर्षं
पार्सलच्या खिडकीशी बसले मी.
लोणच्याची बरणी, मोडलेल्या लग्नातली साडी, पंख्याचं पातं...
हातात घेतलं की कळायचं,
काटा नंतर मान डोलवायचा.

म्हणून मकरपुऱ्याच्या शेडमध्ये
हरसुखभाई पंचाल जेव्हा म्हणाला,
'फूल जेवुं हलकुं छे, बेन,'
तेव्हा मी विचारलं, कुठलं फूल?
अच्युतने खाली बघून स्वतःचे बूट न्याहाळले.

गाडी आमची जुनी, पांढरी,
हालोलच्या फरशीवाल्याकडून घेतलेली.
हौद्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा एक पापुद्रा
अजून धरून आहे.
कागदावर तिची ताकद लिहिलीय: दोनशे चाळीस किलो.
त्यापुढे कमानपाटे बोलू लागतात.

पहिलं घर पक्क्या भिंतींचं.
ओटा, मोरी, आरसासुद्धा.
अच्युत आत जाऊन ताठ उभा राहिला,
आणि नव्या भाडेकरूसारखा
भिंतींवर टिचक्या मारू लागला.
चारशे साठ, मी म्हणाले, हात न लावता.
हरसुखभाईने पाटी उलटून दाखवली: चारशे बावन्न.
शिवाय अलकापुरीच्या गरनाळ्यातून ते जाणार नव्हतं,
आणि जे घर गरनाळ्याशीच अडतं
ते घेऊन आम्ही कुठलं जग बघणार?

दुसरा नुसता तंबू. साठ.
त्यात शिरताना अच्युतचा गुडघा असा वाजला
की पलीकडचं वेल्डिंग थांबलं.

तिसरं चपटं,
डब्याला झाकण बसावं तसं मिटलेलं.
छत वर ढकललं की कडेचं कॅनव्हास
घड्या मोडत उभं राहतं
आणि जूनमधल्या नव्या दप्तराचा वास येतो.
ॲल्युमिनियमची चौकट, एकशे अठ्ठ्याऐंशी.
उरले बावन्न.

त्या रात्री बावन्न किलोंचा संसार
न्हाणीतल्या काट्यावर चढवून पाहिला.
वीस लिटर पाणी म्हणजे वीस, पाणी सवलत देत नाही.
गादी नऊ. शेगडी आणि छोटा सिलिंडर तेरा.
त्याची हत्यारांची पेटी चौदा.
'एकच पाना घे,' मी म्हणाले.
'कुठला?'
इतक्या सरळपणे विचारलं त्याने
की मला पुढे बोलवेना.
माझा बिडाचा तवा अडीच.
त्यावर तोही बोलला नाही.
साडेसहा किलो जास्त,
आणि रात्रीचा दीड वाजलेला.
'माझं पोट,' तो अखेरीस म्हणाला.
'ते हौद्यात बसत नाही,' मी म्हणाले,
आणि तव्याकडे पाठ करून झोपायला गेले.

शनिवारी पुन्हा शेड.
'काका एक हाथे ऊंचकी लेशे,' हरसुखभाई म्हणाला.
काकांनी उजवा खांदा
शस्त्रक्रियेनंतर कानाच्या वर नेलेला नाही.
तो चौकटीपाशी गेला, डावा हात टेकवला,
काढून घेतला.
'तू उचल.'
'मी कशाला?'
'एकटीने. मी धरणार नाही.'

पार्सलात काय आहे ते
पुष्कळदा लिहिलेलं नसायचं.
दोरी कशी बांधलीय त्यावरून समजायचं.
मी पुढे काही विचारलं नाही.

चप्पल काढली. टाचा रोवल्या.
छत अर्ध्यावर येऊन अडून बसलं
आणि क्षणभर सगळंच माझ्या मनगटांवर आलं.
मग आतल्या दट्ट्यांनी सुस्कारा सोडला
आणि ते आपलंआपण वर गेलं.
कॅनव्हासमधून आत पिवळट उजेड,
त्यात उभी मी, धापत, डोक्यावर वीतभर जागा.
'जमतंय,' तो बाहेरून म्हणाला,
माझ्याकडे नाही, बिजागरीकडे बघत.
बावीस किलो, मी मनात नोंदवलं. फार तर तेवीस.

बयाणा दिला. पोपटी पट्टा नको म्हणून सांगितलं.
घरी येताना त्याने मुद्दाम वाट वाकडी केली,
आणि गरनाळ्यात शिरताना
आम्ही दोघांनीही मान खाली घातली.
वर अजून काहीच नव्हतं.