अवघड जागेचं

आठ मिलिमीटर. गोल, फिकट, वाटाण्याएवढं.
डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव:
बोहदाना व्लासाकोवा, वय एकसष्ट.
खाली जागा लिहिलेली, त्या लॅटिन शब्दात
जो आम्ही प्रयोगशाळेत दिवसातून दहादा वाचतो
आणि घरी कधीच उच्चारत नाही.

मी जावई.
वैद्य नव्हे, वैद्यांच्या हाताखालचा,
मेणात मांस बसवून त्याचे काप काढणारा.
म्हणीने इतकं जवळून जाऊ नये
कुणाच्याही दारावरून.

काम दुसऱ्याला द्यायला हवं होतं, नियम तसाच आहे.
पण ओतमार रजेवर,
आणि खरं सांगायचं तर
परक्या हातात द्यायला जीव धजेना.

मेण गार केलं. पातं नवं लावलं.
चार मायक्रॉनचा काप
कोमट पाण्यावर सायीसारखा पसरला,
सुरकुती पडू न देता काचेवर उचलून घेतला.
सासूबाईंसाठी याआधी मी इतक्या हलक्या हाताने
काहीच केलं नव्हतं;
कोट चढवताना बाही धरायचो, तेवढंच.
बाहेर प्लझेनवर माल्टचा वास साचला होता,
ब्रुअरीकडून वारा आला की साचतो तसा.

दुपारी डॉक्टर हाकोवांनी हाक मारली:
"क्विदो, इकडे ये, हे रोज दिसत नाही!"
मायक्रोस्कोपला दोघांना बघायची सोय आहे.
नाव त्यांच्याही समोर होतं, नातं नव्हतं.

नाही म्हणायला कारण हवं होतं.
मी डोळा लावला.

निळ्या ठिपक्यांच्या दुहेरी रांगा.
नळ्या, नळ्यांना फांद्या,
गुलाबी भुईत पानांसारखे दुमडलेले पदर.
"स्तन वाटतो ना? पण जागा बघ कुठली!
कर्करोग नाही. काढली, विषय संपला."

मला तेवढंच पुरे होतं.
त्या मात्र बोलतच राहिल्या,
की जुने लोक म्हणत, गर्भात काखेपासून जांघेपर्यंत
दुधाची एक वाट उमटते आणि पुसली जाते,
त्या वाटेवर मागे राहिलेलं हे चुकार काहीतरी.
आता तसं मानत नाहीत.
या ग्रंथी तिथल्याच,
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
जन्मभर गप्प असतात.
एखादीच कधी गाठ धरते.

तिथल्याच.
सासूबाईंचे आईवडील युद्धानंतर व्होलिनियाहून आले,
गल्लीने त्यांना मरेपर्यंत 'तिकडचे' म्हटलं.
हे मला तेव्हाच का आठवावं, कोण जाणे.

दोन वर्षं.
दोन वर्षं ती बाई चार नंबरची ट्राम चालवत होती
त्या वाटाण्यावर बसून.
विणलेली मोहरी रंगाची उशी सगळीकडे बरोबर,
चर्चमध्ये, नातवाच्या शाळेत, आमच्या स्वयंपाकघरात.
"पाठ," म्हणायची. "पाठ धरते."
आम्ही मलम आणून दिलं होतं,
पाठीचं.

राडानाला मी सांगितलं नाही.
राडानाने मला सांगितलं नाही.
तिला माहीत होतं का,
हेही विचारायचं म्हणजे सांगणंच झालं असतं.

तीन आठवड्यांनी रविवारी सासूबाई आल्या,
बूट काढले, हात धुतले,
उघड्या लाकडी खुर्चीवर
पाटावर बसावं तशा नीट मांडून बसल्या
आणि रस्सा कमी आंबट झालाय म्हणाल्या.

निघताना पिशवीतून उशी काढली.
"तू दिवसभर त्या स्टुलावर असतोस.
घे. मला आता नको."
माझ्याकडे बघितलं
की माझ्यामागच्या घड्याळाकडे, कळलं नाही.
ट्रामवाल्यांना घड्याळ बघायची सवय असते.

मी घेतली.
धुतलेली होती, साबणाचा वास होता,
आणि मधोमध, कितीही थोपटली तरी,
बसलेला खळगा.