परका स्क्रू

अर्लीनने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली,
खाली जुना टॉवेल, शेजारी मिठाची बाटली तशीच.
वॉल्टरला जाऊन आता चार महिने.
"अकराशे," म्हणाली, "तुला म्हणून."

एकोणीसशे बाराची, लिव्हरची रायफल.
ट्रॉय गावात, ओहायोत, नोव्हेंबरातल्या शनिवारी
रिकामी आहे ना हे तीनदा बघून
मी वाकलो, जसा जन्मभर डायवर वाकलो.
निळाई छान टिकलेली.
फक्त मध्ये, जिथे तोल सापडतो
आणि माणूस ती एका हातात घेऊन चालतो,
तिथे पोलाद उघडं, चांदीसारखं.
शंभर वर्षांचे तळहात.
कुणाचे, ते नंबर सांगत नाही.

लिव्हर ओढला. खट्ट. आणि परत खट्ट.
इतकं नेमकं
मी माणसांना बोलताना ऐकलेलं नाही.

डावीकडचा एक स्क्रू मात्र परका,
खाच रुंद, डोकं चपटं, नाक्यावरच्या दुकानातला.
"मूळचा वॉल्टरने गराजमध्ये हरवला.
कोलंबसचा दलाल त्यापायी दोनशे कापतो."
उजवीकडच्या स्क्रूचं माप मी घेतलं,
उगाच, व्हर्नियर खिशात असतो म्हणून.
आणि कागदपत्रं?
"कसली कागदपत्रं, शेजारी आहेस."
जुनी टोयोटा घेताना मी अकरा सह्या केल्या होत्या.

मालन म्हणाली, ठेवशील कुठे?
म्हटलं, खंडेनवमीला पूजेत तरी...
"तुझे वडील काय पुजायचे?"
कानस. व्हर्नियर. तेलाची बुधली.
माधवनगरच्या फिटरकडे दुसरं शस्त्र कुठलं.
झेंडू वाहण्याआधी ते व्हर्नियरचा जबडा
नीट मिटलाय ना, बघायचे.

मग विषय बदलल्यासारखी ती बोलली:
नातू डिसेंबरात येतोय,
त्याच्या शाळेत लपायची कवायत असते,
दिवे घालवून, बाकाखाली, बूट न वाजवता.
त्याचा पहिला नंबर आला म्हणे, न हलण्यात.
मी ऐकलं. अजून थोडं वरण घेतलं.

रात्री तळघरात लेथ सुरू केला.
आटे विचित्र, माझ्या कुठल्याच तक्त्यात नसलेले.
दोनदा बिघडले, तिसऱ्यांदा जमले.
मंद आचेवर डोकं तापवलं:
गव्हाळ, जांभळं, मग निळं,
आणि तिथेच तेलात.
वरून मालनची पावलं ऐकू आली, थांबली, परत गेली.

रविवारी चर्च सुटल्यावर तिच्याकडे गेलो.
स्क्रू बसला. खाचसुद्धा आडवी, बरोबर.
अर्लीनने बोट फिरवून विचारलं, नवा कुठला?
"दलालाला तेराशे सांग," मी म्हटलं.
"पण हा मूळचा नाही, तेही सांग."

"म्हणजे तुला नको?"

मी ती पुन्हा उचलली,
जिथे तोल सापडतो तिथे.
हात बसला, जणू माझ्यासाठीच झिजवून ठेवलेली जागा.
चेकबुक कोटाच्या आतल्या खिशात होतं.
म्हटलं, अर्लीन,
आधी कॉफी ठेव.